मांजरास स्नान घालावें काय?

स्वच्छता हा सद्गुण आहे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. शाळेंत पाऊल टाकल्यापासून नखें, दांत, केंस व कपडे यांची तपासणी आपल्या नित्य परिचयाची असते. आणि घरीं आजीबाई आंघोळ झाल्याशिवाय कोणास देवघराकडे फिरकूं देत नाहींत. परंतु कोणताही सद्गुण विचारावांचून आचरला म्हणजे त्याचा दुर्गुण होण्यास विलंब लागत नाहीं. आपल्याला जें सुखकर वाटतें तेंच इतर सर्व जीवांस हितकर असलें पाहिजे, अशी समजूत करून घेऊन आपण पुष्कळदां उपकाराच्या नांवाखालीं पीडा करीत असतों. याचें एक अगदीं घरगुती उदाहरण म्हणजे पाळलेल्या मांजराचें स्नान. विषय क्षुल्लक वाटेल. वार्षिकाचीं पानें यासाठीं खर्च करावीं काय, असेंही कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत मांजर आहे त्या घरांतील मुलांस हा विषय क्षुल्लक नाहीं. आणि प्रस्तुत लेखकास तर तो मुळींच क्षुल्लक राहिलेला नाहीं. कां, तें प्रथम सांगतों.

आमच्या घरीं मनी नांवाची एक पांढरी-करडी मांजरी आहे. एका पावसाळ्यांत ती पडवींत कुडकुडत बसली असतां माझ्या मुलीनें तिला घरांत घेतलें, आणि तेव्हांपासून ती घरचीच झाली. मनीस माळ्यावर हिंडण्याचा मोठा नाद. एके वर्षीं दिवाळीच्या आदल्या रात्रीं ती जळमटें व धूळ अंगावर घेऊन खालीं उतरली आणि पाहुण्यांकरितां घातलेल्या स्वच्छ गादीवर वळकटी करून निजली. दुसऱ्या दिवशीं नरकचतुर्दशी. घरांतील लहानथोरांचें अभ्यंगस्नान उरकल्यावर माझ्या मनांत आलें कीं, मग मनीनेंच काय घोडें मारलें आहे? मीं घंगाळांत पाणी काढलें. आणि मांजराच्या अंगावर जंतु फार, असें कोठेंसें ऐकलेलें असल्यामुळें फरशी पुसावयाच्या जंतुनाशकाचें एक झांकणभर औषध त्यांत ओतलें. मुलगी "नको, नको" म्हणत होती. मीं तिला दटावलें. मनी ओरडली, बोचकारली, दोनदां हातांतून निसटली. परंतु शेवटीं मीं तिला नखशिखान्त न्हाऊं घातलें, आणि मोठें काम केल्याच्या समाधानानें फराळास बसलों.

दुपारीं मुलीनें येऊन सांगितलें कीं, मनी ट्रंकेमागें जाऊन बसली आहे, तिच्या तोंडांतून लाळ गळत आहे, व तिचें अंग थरथरत आहे. सणाचा दिवस; दोन दवाखाने बंद निघाले; तिसऱ्या ठिकाणीं एक पशुवैद्य भेटले. त्यांनीं प्रथम साध्या कोमट पाण्यानें तिचें सर्व अंग धुऊन काढलें, पुसून कोरडें केलें, व सलाईन लावलें. मनीच्या जिभेवर फोड आले होते. पांच दिवस तिनें स्वतः होऊन कांहीं खाल्लें नाहीं. ती वांचली, हें आमचें भाग्य. घरीं परततांना मुलगी एवढेंच म्हणाली, "बाबा, त्यांना आधीं विचारलें असतें तर?" वर्गांत मुलांस 'समजत नसेल तें विचारावें' असा उपदेश रोज करणाऱ्या मला त्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं.

त्यानंतर मीं जें वाचलें, जाणत्यांस विचारलें व डोळ्यांनीं पाहिलें, त्यावरून माझें जें मत बनलें तें वाचकांपुढें ठेवतों. तें मत असें: निरोगी मांजरास घरीं स्नान घालण्याची गरज सहसा नसते. कांहीं प्रसंगीं ती खरोखर असते. तेव्हां तें काम माहिती घेऊन, सावकाश व सौम्यपणें केलें पाहिजे. आणि तांब्या हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस विचारावें कीं, ही गरज मांजराची आहे कीं माझी?

प्रथम हें पाहूं कीं, निसर्गानें मांजरास अस्वच्छ सोडलें आहे काय. ज्यानें मांजराची जीभ आपल्या हातावर अनुभवली असेल, त्यास ती कानशीसारखी खरखरीत लागते हें ठाऊक असेल. त्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक कांटे असतात. आपलीं नखें ज्या द्रव्याचीं बनलेलीं असतात त्याच द्रव्याचे ते बनलेले असतात. अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या संस्थेंतील अॅलेक्सिस नोएल व डेव्हिड हू या संशोधकांनीं घरच्या मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंत मार्जारकुळांतील सहा जातींच्या जिभा तपासल्या, आणि २०१८ सालीं असें दाखवून दिलें कीं, या कांट्यांचीं टोकें पळीसारखीं पोकळ असतात. तोंडांतील लाळ त्या पोकळींत आपोआप भरते, व जीभ अंगावरून फिरली म्हणजे ती केंसांच्या दाट थरांत पार आंतपर्यंत पोंचते. म्हणजे ज्यास आपण नुसतें चाटणें म्हणतों, तें एकाच वेळीं फणी फिरविणें, धुणें व पुसणें असें तिहेरी काम आहे. आणि मांजर हें काम आपल्याप्रमाणें घाईघाईनें उरकीत नाहीं. जागेपणाच्या वेळेपैकीं सुमारें चौथा हिस्सा तें या कामीं खर्च करतें. दिवसाचा इतका वेळ स्वतःच्या स्वच्छतेस देणारा विद्यार्थी आमच्या शाळेंत तरी माझ्या पाहण्यांत आलेला नाहीं!

या चाटण्याचा उपयोग केवळ शोभेसाठीं नाहीं. पिसवा झालेल्या कांहीं मांजरांच्या गळ्यांत, त्यांस अंग चाटतां येऊं नये अशी रुंद गळपट्टी संशोधकांनीं अडकविली, व कांहींस मोकळें ठेवलें. तीन आठवड्यांनीं मोजून पाहतां गळपट्टीवाल्या मांजरांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या सुमारें दुप्पट पिसवा आढळल्या. हा प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. तसेंच उन्हाळ्यांत मांजर अंगास लाळ लावतें ती वाळतांना त्याची उष्णता कमी होते. कारण आपल्याप्रमाणें सर्वांगास घाम येण्याची सोय त्यास नाहीं, घामाच्या ग्रंथि मुख्यतः त्याच्या पंजांच्या तळव्यांतच असतात. तेव्हां ज्या जीवास निसर्गानें फणी, पाणी व पंखा हीं सर्व साधनें एका जिभेंत दिलीं आहेत, त्यास आपण बादलींत बुडवून स्वच्छता शिकवूं जावें, हें फार शहाणपणाचें दिसत नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, मांजर ही वाघाची मावशी. वाघ तर उन्हाळ्यांत पाण्यांत बसून राहतो, सुंदरबनांतील वाघ खाड्या पोहून जातो. मग मावशीनेंच पाण्यास कां भ्यावें? प्रश्न योग्य आहे. सर्वच मार्जारकुळ पाण्यास भितें असें नाहीं. पश्चिम बंगालचा राज्यप्राणी असलेलें मासेमार मांजर दलदलींत राहतें व पाण्यांत उतरून मासे धरतें. परंतु आपल्या घरच्या मांजराचे पूर्वज त्या कुळींचे नव्हत. उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया यांतील कोरड्या प्रदेशांत राहणाऱ्या रानमांजरांपासून तें उत्पन्न झालें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वीं एका माणसाशेजारीं पुरलेल्या मांजराचा सांगाडा सांपडल्याचें वृत्त २००४ सालीं प्रसिद्ध झालें. इतका जुना मांजराचा व माणसाचा सहवास आहे. परंतु इतक्या काळांतही मांजरानें माणसाचें घर घेतलें, त्याचें न्हाणीघर घेतलें नाहीं.

पाण्याची नावड हा केवळ लहरीपणा नव्हे. मांजराचें अंग लहान असतें, आणि केंसांच्या थरांत कोंडलेली हवा तें अंग ऊबदार राखते. त्याच्या शरीराचें स्वाभाविक उष्णतामान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून अधिक असतें. केंस पार भिजले कीं ही ऊब झपाट्यानें जाते, आणि ते वाळण्यास पुष्कळ वेळ लागतो. लहान पिलांस तर आपली ऊब राखण्याची शक्तिच पुरती आलेली नसते. म्हणून आठ आठवड्यांच्या आंतील पिलास पाण्यांत बुडविणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळणें होय. शिवाय मांजराच्या अंगास त्याचा स्वतःचा असा एक वास असतो, व त्यावरूनच घरांतील दुसरें मांजर त्यास ओळखतें. साबणाचा वास घेऊन आलेल्या आपल्याच भावंडावर मांजर फिस्कारूं लागतें, असा अनुभव पुष्कळांस आला असेल.

परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट, जी न कळल्यामुळें माझ्या हातून अपराध घडला, ती निराळीच आहे. मांजराच्या अंगावर आपण जें जें लावतों, तें तें शेवटीं त्याच्या पोटांत जातें. कारण अंग ओलें झालें कीं तें चाटून कोरडें करणें हा त्याचा स्वभाव. आणि मांजराचें यकृत आपल्या यकृतासारखें नाहीं. कार्बोलिक जातीचीं द्रव्यें निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची जी क्रिया माणसाच्या यकृतांत सहज चालते, ती मांजराच्या यकृतांत फारच मंद असते. याच कारणानें आपण तापांत घेतों ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते. पाण्यांत टाकतांच दुधाळ होणारीं व दवाखान्यासारखा वास येणारीं बरींच जंतुनाशकें या कार्बोलिक वर्गांतील असतात; तीं मांजराच्या अंगास लावणें म्हणजे त्यास विष पाजणें होय. कुत्र्यांच्या गोचिड्या मारण्याकरितां मिळणाऱ्या कांहीं औषधांत पर्मेथ्रिन नांवाचें द्रव्य असतें. तें कुत्र्यास सोसतें, परंतु मांजरास त्यानें झटके येऊन मरण ओढवूं शकतें. टी-ट्री नांवाचें सुगंधी तेलही असेंच घातक. आपला अंगाचा साबण किंवा डोक्यास लावावयाचा शांपू इतका विषारी नसला, तरी तो माणसाच्या कातडीच्या गुणधर्मांस अनुसरून केलेला असतो. मांजराची कातडी त्यानें कोरडी पडते व तिला खाज सुटते. 'आम्हांला चालतें, मग त्याला कां चालूं नये?' हा युक्तिवाद ऐकण्यास सोपा आहे. पण माझ्या घरीं त्याचा परिणाम काय झाला, तें वर सांगितलेंच आहे.

माझ्या मताविरुद्ध दोन-तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार न करणें अन्यायाचें होईल. पहिला आक्षेप असा कीं, घरांत कोणास मांजरामुळें शिंका किंवा दमा होत असेल, तर मांजर धुण्यावांचून गत्यंतर काय? हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. ही बाधा केंसांमुळें होत नसून मांजराच्या लाळेंत व कातडीच्या ग्रंथींत असणाऱ्या एका प्रथिनामुळें होते. मांजर पाण्यांत धुतल्यानें तें प्रथिन कमी होतें हें खरें. पण १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, ही घट आठवडाभरही टिकत नाहीं. म्हणजे या उपायाचा लाभ हवा असेल तर मांजरास वारंवार पाण्यांत घालावें लागेल. त्यापेक्षां निजण्याच्या खोलींत मांजरास येऊं न देणें, चादरी व अभ्रे वरचेवर धुणें, खिडक्या उघड्या ठेवणें, आणि आजाऱ्यास डॉक्टरांकडे नेणें हेच उपाय अधिक समंजस होत.

दुसरा आक्षेप आमचे विद्यार्थी घेतात. ते म्हणतात, "सर, मोबाईलवर तर मांजरें टबांत शांत बसून आंघोळ करतांना दिसतात!" बाळांनो, त्या चित्रांतील मांजराचे कान पहा, ते मागें चापट झालेले असतात. डोळे पहा; बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. शरीर लाकडासारखें ताठ असतें. ती शांति नव्हे; ती भीति होय. अति भ्यालेला जीव पुष्कळदां ओरडत नाहीं, तर निश्चल होतो. लहानपणापासून हळूहळू सवय लावलेलीं, पाण्याची भीति नसलेलीं मांजरें असतात, हें मी नाकारीत नाहीं. पण पडद्यावर हंसूं आणणारें प्रत्येक मांजर तसें असतें, असें समजूं नका.

तिसरा आक्षेप घरांतील वडील मंडळींचा: मांजर उकिरड्यावर फिरतें आणि तेंच पुढें आपल्या अंथरुणावर येतें, हें कसें चालावें? याचें उत्तर न्हाणीघरांत नाहीं, दारांत आहे. मांजर शक्य तितकें घरांत राखावें. बाहेरून आल्यावर ओल्या फडक्यानें त्याचे पंजे पुसावे. आठवड्यांतून दोनदां, आणि लांब केंसांचें असल्यास रोज, त्यास फणी करावी. त्याच्या शौचाची वाळू रोज उपसावी. व जंताचें औषध आणि प्रतिबंधक लस वेळच्या वेळीं द्यावी. ज्या घरांत हें सर्व होतें त्या घरांतील मांजर न्हाऊं न घालतांही स्वच्छ असतें. आणि ज्या घरांत हें होत नाहीं, तेथें महिन्याच्या एका आंघोळीनें कांहींच साधत नाहीं. परंतु फणी रोज करावी लागते आणि आंघोळ एकदां घालून मोकळें होतां येतें. म्हणून आपणांस आंघोळ आवडते, अशी मला शंका आहे.

मग स्नानाचे प्रसंग मुळींच नाहींत काय? आहेत. मांजराच्या अंगावर रॉकेल, डांबर, ऑईल पेंट, यंत्राचें तेल किंवा तसलाच घातक पदार्थ सांडला, तर तें चाटून पोटांत जाण्यापूर्वीं काढावेंच लागतें. अशा वेळीं मांजरास जाड फडक्यांत गुंडाळून चाटण्यापासून रोखावें व तत्काळ पशुवैद्यास विचारावें. रंग काढण्याकरितां टर्पेंटाईन वगैरे कदापि लावूं नये. नायट्यासारखा कातडीचा रोग झाला असतां, पशुवैद्य सांगतील त्या औषधी पाण्यानें स्नान घालावें लागतें. हा रोग माणसांस, विशेषतः मुलांस, लागतो, म्हणून तेथें आळस करून चालत नाहीं. स्फिंक्स नांवाच्या केंसहीन जातीच्या मांजराच्या कातडीवर तेलकट थर सांचतो, त्यास नियमित स्नान लागतें. म्हातारपणानें, लठ्ठपणानें किंवा सांधे धरल्यामुळें ज्या मांजराची जीभ पाठीपर्यंत पोंचत नाहीं, त्याच्या अंगाचा मळलेला भाग आपण धुऊन किंवा पुसून दिला पाहिजे. आणि येथें एक सूचना: नेहमीं स्वच्छ राहणारें मांजर एकाएकीं स्वतःस चाटीनासें झालें, तर तें आळशी झालें असें न समजतां आजारी आहे असें समजावें. त्यास न्हाणीघराची नव्हे, दवाखान्याची गरज असते.

खरोखरच स्नान घालण्याचा प्रसंग आला, तर कसें घालावें हेंही सांगणें अवश्य आहे. काम दोघांनीं मिळून करावें, व त्यांतील एक मोठें माणूस असावें. आदल्या दिवशीं मांजराच्या नखांचीं टोकें बेतानें कापावीं, आणि अंगावरील केंसांच्या गांठी फणीनें सोडवाव्या. पाणी लागलें कीं गांठी अधिक घट्ट होतात. दिवस उबदार व वेळ दुपारची असावी. दार-खिडक्या लावून घ्याव्या. परातींत किंवा टबांत तळाशीं जुना पंचा अंथरावा, म्हणजे मांजराचे पाय घसरणार नाहींत. पायाखालचा आधार गेला कीं मांजर घाबरतें, आणि घाबरलें कीं बोचकारतें. पाणी चार बोटें खोल पुरे. कोंपर बुडवून पाहतां ना गार ना गरम लागावें, म्हणजे सुमारें ३७-३८ अंश असावें. मांजर आंत ठेवण्यापूर्वींच पाणी भरून नळ बंद करावा, कारण धारेच्या आवाजानेंच तें निम्में बिथरतें. मानेच्या कातडीस धरून त्यास उचलूं नये. एक हात छातीखालीं व एक मागील पायांखालीं द्यावा. लहान भांड्यानें मानेपासून शेपटीकडे हळूहळू पाणी सोडावें. डोक्यावर पाणी ओतूं नये. कानांत जाऊं देऊं नये. तोंड ओल्या फडक्यानें पुसावें. मांजरासाठीं म्हणून बनविलेला शांपू थोडासाच घ्यावा, व त्याचा अंशही राहणार नाहीं इतकें पुन्हां पुन्हां साध्या पाण्यानें धुवावें. नंतर मऊ टॉवेलांत गुंडाळून टिपून घ्यावें; जोरानें घांसूं नये. तें पूर्ण वाळेपर्यंत वारा नसलेल्या खोलींत ठेवावें, आणि शेवटीं त्याच्या आवडीचा घांस द्यावा. मध्येंच तें तोंड उघडून धापा टाकूं लागलें, किंवा कोणत्याही उपायानें शांत होईनासें झालें, तर अंगावरील शांपू तेवढा धुऊन काढून काम तेथेंच थांबवावें. अर्धवट राहिलेल्या स्नानानें कोणाचें नुकसान होत नाहीं. हट्टानें पुरें केलेल्या स्नानानें होतें.

मुलांनो, आणखी एक गोष्ट, आणि ही अगदीं विसरूं नका. अशा झटापटींत मांजर चावलें किंवा त्याचें नख लागलें, तर 'घरचेंच मांजर आहे' म्हणून, किंवा बाबा रागावतील म्हणून, तें लपवूं नका. जखम लगेच वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवा, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जा. पिसाळण्याचा रोग केवळ कुत्र्यामुळें होतो असा पुष्कळांचा समज आहे. तो मांजराच्या चाव्यानेंही होऊं शकतो. त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. परंतु त्यापूर्वीं वेळेवर लस घेतल्यास तो टळतो. मांजराचा दांत सुईसारखा बारीक असतो; जखम वरून टिचभर दिसते, पण विष खोल जातें. आईबापांस माझी विनंति आहे कीं, अशी जखम दाखविणाऱ्या मुलावर रागावूं नये; रागाच्या भयानें मुलें जें लपवितात, तेंच पुढें जिवावर बेततें.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊन लेख पुरा करतों. भारताच्या राज्यघटनेंत १९७६ सालीं नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें सांगणारें ५१-अ हें कलम घालण्यांत आलें. प्राणिमात्रांविषयीं दयाबुद्धि बाळगणें हें त्या कर्तव्यांपैकीं एक आहे. नागरिकशास्त्राच्या परीक्षेंत आमचे विद्यार्थी हें वाक्य बिनचूक लिहितात, व त्यांस गुणही मिळतात. पण दया म्हणजे काय? मनीला घंगाळांत बुडवितांना माझ्या मनांत क्रूरता नव्हती. होती ती दयाच. तिचें अंग मळलें, तें स्वच्छ व्हावें, सणाच्या दिवशीं तिलाही न्हाऊं घालावें, असेंच मला वाटत होतें. तरी त्या दयेनें तिचा प्राण कंठाशीं आणला. यावरून माझी खात्री झाली आहे कीं, ज्यावर दया करावयाची त्याची प्रकृति, त्याच्या गरजा व त्याचीं भयें जाणून घेतल्यावांचून केलेली दया ही अपुरी असते, आणि कधीं कधीं निर्दयतेहूनही घातक ठरते. निर्दय माणसास निदान कोणी अडवितें. दयाळू माणसास कोण अडविणार? मला अडविणारी एक लहान मुलगी होती, आणि तिलाही मीं गप्प केलें.

पालकांनीं आपल्या मुलांशीं वागतांनाही या गोष्टीचा विचार करावा, असें मला सुचवावेंसें वाटतें. आपण त्यांच्या कल्याणाच्या नांवाखालीं पुष्कळ कांहीं त्यांच्यावर ओततों. पाणी कोमट आहे कीं कढत, हें मात्र कोंपर बुडवून पाहत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, एखादें काम चुकीचें होत आहे असें वाटलें, तर आदर राखून पण स्पष्टपणें 'आधीं विचारूं या' असें म्हणण्याचा अधिकार लहानांसही आहे.

मनी अद्याप आमच्या घरीं आहे. मुलीच्या मांडीवर ती तासन्‌तास निजते. मी मात्र न्हाणीघराच्या बाजूनें आलों, कीं ती कान टवकारून उठते आणि माझे हात कोरडे आहेत कीं नाहींत तें दुरूनच न्याहाळते. त्या दिवाळीनंतर एक वर्षपर्यंत ती माझ्या जवळ आली नाहीं. गेल्या थंडींत एके रात्रीं मी उत्तरपत्रिका तपासीत बसलों असतां ती आपण होऊन आली, आणि माझ्या पायाशीं बसून सावकाश आपलें अंग चाटूं लागली. मी पेन खालीं ठेवून, ती आटोपेपर्यंत न हलतां बसून राहिलों.